भाडेकरूची नाडी

सिस्टर निवृत्त झाल्या तरी अख्खी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची. नवरासुद्धा. सगळी नोकरी इस्पितळात गेलेली. समोरचा "मी बरा आहे" म्हणाला की आधी त्याची नाडी बघायची, ही जन्माची खोड. त्यामुळे फंडाचे पैसे घालून एखादा गाळा घ्यावा असं घरात ठरलं, तेव्हा खरी पंचाईत झाली ती दलालाची.

"आत भाडेकरू आहेच," दलाल म्हणाला. "फोटोफ्रेमवाला. जुना माणूस. करार यंदा संपतोय, पण पुढचा तो करेलच. वर्षानुवर्षं बसलाय हो!"

"वॉर्डातही पुष्कळ जण छान बसलेले असायचे," सिस्टर म्हणाल्या. "सकाळी बघावं तर खाट रिकामी."

भाडेकरू उठून गेला तर रिकामा गाळा गळ्यात, आणि फंड पुन्हा काही मिळत नाही. म्हणून त्यांनी भाडेकरू स्वतःच तपासायचा ठरवला. गुपचूप, गिऱ्हाईक बनून.

पहिल्यांदा त्यांनी लग्नाचा फोटो नेला. दुकानात सरसाचा वास, जमिनीवर भुसा. फ्रेमवाल्याने फोटो निरखला आणि महागाची पट्टी बाजूला सारली. "ही नको बाई. माणसं झाकोळतात." माणूस सरळ होता. पण शितावरून भाताची परीक्षा सिस्टरना कुठली पटायला! त्या पुन्हा गेल्या, मग पुन्हा. भाचे, मावश्या, सासूबाई, सासूबाईंचाच आणखी एक, शेजाऱ्यांचं कुत्रंसुद्धा.

"आई आता दोन भिंतींवरून बघते," नवरा कुरकुरला. "घास उतरत नाही माझा."

घरातले फोटो संपले. मग सिस्टरनी नवऱ्याच्या छातीचा जुना एक्स-रे नेला. फ्रेमवाल्याने भुवईही न उंचावता त्याला काळी पट्टी सुचवली. इतका गुणी भाडेकरू शोधून सापडायचा नाही, गाळा घ्यायचाच, असं सिस्टरनी मनाशी पक्कं केलं.

तो एक्स-रे आणायला गेल्यावर त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "दुकान चालू ठेवणार ना?"

"खरं सांगू बाई? बंदच करणार होतो. लेक कधीची बोलावतेय. पण तुम्ही यायला लागलात आणि वाटलं, लोकांना परत फ्रेमची गोडी लागली. कालच लाकडाची मोठी ऑर्डर दिलीय. आता पाच वर्षांचा करारच करून टाकतो."

सिस्टरनी हातातला एक्स-रे खाली ठेवला. करायला गेल्या एक आणि झालं भलतंच! धंद्याला आलेली सगळी तरतरी म्हणजे त्या एकट्याच होत्या. गप्प बसल्या तर करार पक्का, गाळा पक्का, दलाल खूश. आणि हा भला माणूस लाकडाच्या ढिगावर गिऱ्हाइकांची वाट बघत बसणार. गप्प बसायचा मोह झाला, नाही असं नाही. चांगला घटकाभर झाला.

मग त्यांनी सगळं सांगून टाकलं.

फ्रेमवाल्याने हातातला सरसाचा ब्रश खाली ठेवला. "म्हणजे एवढे फोटो..."

"तपासणी होती. तुमची."

"एक्स-रे आणलात तेव्हाच मला शंका यायला हवी होती!" तो इतका हसला की त्याला टेबलाचा आधार घ्यावा लागला. हसून झाल्यावर त्याने डोळे पुसले आणि दुकानावरून एकदा नजर फिरवली. लाकूडवाल्याला फोन करून ऑर्डर रद्द केली. दुसरा फोन लेकीला केला.

सिस्टर एक्स-रे काखेत मारून घरी आल्या. वाईट वाटत होतं, आणि कधी नव्हे ते हलकंही वाटत होतं.

"काय, कसा निघाला भाडेकरू?" नवऱ्याने विचारलं.

"सोन्यासारखा."

"मग घ्यायचा गाळा?"

"नाही," एक्स-रेसाठी खिळा शोधत सिस्टर म्हणाल्या. "त्याला मीच डिस्चार्ज देऊन आले."