दोन सेकंद थांबणारं फंक्शन

मृगाच्या आधीचा मंगळवार, सकाळी साडेनऊ. जालना एमआयडीसी, बियाण्यांच्या कारखान्याचा पॅकिंग हॉल. हजर: मी (डिस्पॅच बघते), पॅकिंगची सुपरवायझर रेखा, टेम्पोवाले बाबुराव.

वाचकांचे असले अजब अनुभव मी आजवर चहाबरोबर, करमणूक म्हणून वाचत आले. माझा भरवसा याद्यांवर. म्हणून हेही क्रमानेच सांगते.

बियाण्याच्या प्रत्येक पिशवीला टॅग लागतो. टॅगशिवाय पिशवी गेटबाहेर जात नाही. त्या दिवशी नऊशे नव्व्याण्णवाव्या लॉटपर्यंतचे टॅग निघाले आणि हजाराव्याला प्रिंटर गप्प. एररसुद्धा नाही.

"मॅडम, काहून गुमसुम झाला हा?" रेखा म्हणाली.

"हजार झाले म्हणून पेढे मागत असंल," बाबुराव म्हणाले. "पण जल्दी करा. धावड्याचे लोक सकाळपासून दुकानासमोर बसून राह्यले. बियाणं न्हाई तर पेरतील काय, टॅग?"

हे सॉफ्टवेअर साळवे सरांनी बारा वर्षांपूर्वी लिहिलेलं. सर रिटायर होऊन धावड्यात शेती करतात. फोन उचलत नव्हते. मूळ कोडचा कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेला. सर्व्हरवर उरली होती मिनिफाय केलेली जावास्क्रिप्ट – म्हणजे सगळा कोड एका ओळीत दाबलेला, आणि नावांच्या जागी नुसते a, b, t. हेड ऑफिस म्हणालं, नवीन सॉफ्टवेअर घेऊ, महिनाभर लागेल. महिन्याभरात पेरणी उरकते...

मी थोडंफार कोडिंग स्वतःच शिकलेली. ब्राउझरमधलं महिरपी कंसाचं बटण दाबलं, एका ओळीच्या चारशे ओळी झाल्या. पण नावं परत येत नाहीत – ती फाइलमध्ये नसतातच. मग वहीत तीन रकाने आखले: जुनं अक्षर, काम काय, नवं नाव. a म्हणजे lotKramank. b म्हणजे ugavan. एकेक नाव बदलत गेले तसा कोड बोलायला लागला.

"मॅडम तर तांदूळ निवडल्यावानी करून राह्यल्या," रेखा म्हणाली.

t हे फंक्शन काहीच करत नव्हतं. दोन टॅगांच्या मध्ये दोन सेकंद थांबायचं, बस. वहीत मी लिहिलं thamba. बोटांनी टाइप केलं thamb_gyamay.

"हे काय मधीच?" रेखाने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. घाई होती. तसंच राहू दिलं.

खाली आणखी दहा ओळींवर चूक सापडली: lotKramank तीन अंकांपेक्षा लांब असेल तर न छापता परत जा. तिनाचे चार केले. एक वाजता हजाराव्या लॉटचा पहिला टॅग निघाला. हॉलमधल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. बाबुरावांनी खरंच पेढे आणले आणि टेम्पो धावड्याला सुटला.

चार वाजता साळवे सर मोटारसायकलवरून हजर. "अकरा मिसकॉल पाह्यले, तसाच आलो. विहिरीवर व्हतो." खिशात जुना पेनड्राइव्ह, त्यात मूळ कोड. आम्ही दोन्ही शेजारी-शेजारी उघडले. लॉट नंबरला त्यांनी ln म्हटलेलं, उगवणीला germ. माझं एकही नाव जुळेना. मग t ची जागा आली. सरांच्या फाइलमध्येही तेच:

thamb_gyamay.

अंडरस्कोरसकट. माझ्या यादीत दुसरीकडे कुठंच अंडरस्कोर नाही.

"गयामाय पॅकिंगला व्हती," सर म्हणाले. "टॅग पुरा निघायच्या आधीच वढायची, बराबर अर्धा फाटायचा. 'थांब गयामाय' म्हणून म्हणून थकलो, मंग कोडातच घातलं. घाईत 'गया'तला एक a खाल्ला मी."

"आता कुठं असते?"

"धावड्यातच. सुनांना पळवून राह्यली."

नंतर मी सगळं तपासलं. मी हात लावण्याआधीच्या सर्व्हरवरच्या फाइलमध्ये gyamay हा शब्द एकदाही नाही. गयामाय काम सोडून गेली त्यानंतर तीन वर्षांनी मी रुजू झाले, रेखा माझ्याही नंतर. जुन्या हजेरीपटात तिचं नाव 'गयाबाई' आहे. सरांनी खाल्लेला तोच a माझ्या बोटांनी कसा खाल्ला, याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. वाचकांत कुणी प्रोग्रामर असेल तर जरूर कळवा.

आता पाळी सुरू होताना पहिल्या टॅगनंतर मशीन थांबलं की हॉलमधल्या बायका एका सुरात म्हणतात, "थांब गयामाय." आणि हसतात.

वहीत त्या मंगळवारचं एक काम बाकी आहे. आताचा प्रिंटर टॅग स्वतःच कापतो, थांबायची गरज बिलकुल नाही. सबब हे फंक्शन काढून टाकणे. त्याच्यापुढे टिक अजून केलेली नाही.