फोटोतले हात

निवृत्त झाल्यावर आईच्या हातच्या पदार्थांचा ब्लॉग काढायचं मी ठरवलं. पण घाई करायची नव्हती. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांतली मी नव्हेच. दहा-बारा लेख फोटोंसकट तयार असल्याशिवाय सुरुवात करायची नाही, असं पक्कं केलं होतं.

आईला हे पटेना. "सैपाक झालाय तर वाढ की! झाकून कशाला ठेवतीस?" ती रोज टोकायची. फोटो काढायचा म्हटलं की मात्र ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून बसायची. फोटोत फक्त हातच येणार, हे सांगून मी दमले.

शेंगाचटणी मुद्दाम शेवटी ठेवली होती. ब्लॉग उघडताच तीच दिसायला हवी होती. खरं तर सगळा खटाटोप त्या एका फोटोसाठीच होता. लहानपणी शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशीच आमच्या खलबत्त्याचा आवाज ऐकू यायचा. धाकटी बहीण आणि मी दप्तरं टाकून आईपुढे हात पसरायचो. तेल सुटलेल्या चटणीचा मुटका वळून ती आमच्या तळहातावर ठेवायची. त्यावर तिची बोटं उमटलेली असायची. मला ते हात हवे होते.

आणि नेमकी तेव्हाच आई न्हाणीत घसरली, उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर निघालं तरी या वयात पुन्हा कांडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. बाकी सगळं तयार होतं, तेवढा एक फोटो राहिला होता. मला फार वाईट वाटलं.

आईच म्हणाली, "रडतीस कशाला? तुला हात न्हाईत व्हय? तू कांड, मी सांगते."

मी कांडलं. "तेल कुटं सुटलंय अजून?" म्हणत तिने माझा घाम काढला. शेवटी मी मुटका वळला आणि डाव्या हातात मोबाईल धरून फोटो तिनेच काढला. जरा तिरका आला, पण आला.

ब्लॉग सुरू केला. टेंभुर्णीहून बहिणीने सगळ्यांत आधी लिहिलं, 'बरं झालं, पडायच्या आधीच आईच्या हातांचा फोटो काढून ठेवलास. तुझी तयारी कामाला आली. चटणी मागावीशी वाटली गं.'

मी आईला वाचून दाखवलं आणि विचारलं, "हिला आता काय सांगू?"

आईने चष्मा पुसून फोटो पाहिला. मग माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, उलटासुलटा करून बघितला.

"खरंच हाय की," ती म्हणाली. "माझेच हायत."