पोळ्याच्या दिवशी आलेला बॉयलर

जगात कामं करणारी माणसं पुष्कळ असतात, पण एका कामाचं शेपूट दुसऱ्या कामाच्या हातात नेमक्या वेळी देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे आमचे मावसोबा. सृष्टी रचताना ब्रह्मदेवानं त्यांना नुसतं विचारलं असतं, तर पेरणी आधी आणि पाऊस मागाहून हा दर दोन-तीन वर्षांनी होणारा घोळ झालाच नसता. माझ्या थोरल्या मावशीचे ते यजमान. सारा बारामती तालुका त्यांना तात्या म्हणे. शिक्षण मराठी चौथी. अंगात बंडी, डोक्याला पटका आणि कानावर पेन्सिलीचा एवढासा तुकडा. तो तुकडा आंघोळीच्या वेळीही तिथंच असे, असं मावशी सांगायची. मी तेव्हा इंदापूरला शाळामास्तर होतो. शनिवारी शाळा सुटली की मावशीकडे जायचो, आणि गेलो की मावसोबांची पत्रं लिहायला बसायचो.

सगळं जग पुढं मोजतं, मावसोबा मागं मोजायचे. माझ्या मावसबहिणीचं लग्न ठरलं, सुपारी फुटली, आणि घरात हळद कधी, साखरपुडा कधी अशी चर्चा सुरू झाली. मावसोबांनी वऱ्हाड परत निघण्यापासून सुरुवात केली. वऱ्हाड निघायचं म्हणजे बैलांनी पोटभर खाल्लेलं हवं, त्यासाठी कडबा हवा, तो ठेवायला मांडवामागची जागा हवी, तिथं तर आचाऱ्याची चूल, चूल म्हणजे भांडी, आणि भांडी म्हणजे... इथं ते एकदम उठले आणि पायात वहाणा सरकवल्या. "कल्हईवाला आजच गाठाय पायजे!" लग्नाला पाच महिने होते. आम्ही पोट धरून हसलो. पण त्या वर्षी तालुक्यात लग्नांची अशी दाटी झाली, की कल्हईवाला कुणाला दिसेना, आणि आमच्या पंगतीत मात्र पातेली चांदीसारखी लखलखत होती. तेव्हापासून मी हसायचं सोडलं.

पन्नासनंतरच्या त्या वर्षांत आमच्या भागातल्या सहा गावांनी मिळून सहकारी साखर कारखाना काढायचं मनावर घेतलं. लगोलग कमिट्या झाल्या. रस्त्याची एक, विहिरींची एक, ऊसतोडणीवाल्यांच्या खोप्यांची एक, गाड्यांची एक. प्रत्येक कमिटी आपापल्या कामात वाघ. फक्त खोप्यांच्या कमिटीनं जिथं खोप्या आखल्या तिथूनच रस्त्याच्या कमिटीचा रस्ता जात होता, आणि विहिरीवाल्यांनी पाणी काढलं होतं तिथून अर्ध्या कोसावर. मावसोबा कुठल्याच कमिटीत नव्हते, म्हणून ते सगळ्याच कमिट्यांत होते. सकाळी एका गावात, दुपारी दुसऱ्या, आणि सगळीकडं एकच प्रश्न: "तुमचं हे झाल्याबिगर कुणाचं आडतंय?" हा प्रश्न मी पुढं मोठमोठ्या साहेबांच्या तोंडी ऐकायची वाट पाहिली. अजून ऐकला नाही.

हा सगळा पसारा त्यांनी घराच्या सोप्यातल्या भिंतीवर कोळशानं मांडला होता. सहा गावांच्या सहा ओळी, वर महिने, आणि या ओळीतून त्या ओळीत जाणाऱ्या रेघा. लिहायला येणाऱ्याला ती भिंत कळायची नाही आणि न येणाऱ्याला लगेच कळायची. दोन वर्षं मावशीला ती भिंत सारवायची बंदी होती. "निदान दिवाळीला तरी?" ती विचारायची. "दिवाळीच्या खाली विटांची भट्टी हाय, तिला हात लावू नगंस," असं उत्तर यायचं. एकदा शेजारचा भला माणूस पान खायला आला, भिंतीला टेकून तासभर बसला आणि उठून बाजाराला गेला. मावसोबांनी भिंतीकडं पाहिलं तर कालव्यात उतरायच्या वाटेची रेघ गायब! ते तसेच अनवाणी धावले, भर बाजारात त्याला गाठला, घरी आणला, भिंतीकडं तोंड करून उभा केला आणि त्याच्या सदऱ्यावरून सगळं उलट्या बाजूनं उतरवून घेतलं. तो बिचारा सारखा म्हणत होता, "तात्या, सदराच देतो की काडून!" तर हे म्हणाले, "हलू नगंस, रेघ मोडंल."

कुठलंही एक काम पुरं झालं की त्यांना आनंद होत नसे, उलट संशय येई. रस्ता झाला, लोक हार-नारळ घेऊन आले, तर यांनी नारळ फोडू दिला नाही. "रस्ता झाला म्हंजे काय झालं? त्याच्यावरनं ऊस गेला, उसाची साखर झाली, आन् आपल्या पोरीबाळी तितं कामाला लागल्या, म्हंजे झालं." विहिरीचं तेच, खोप्यांचं तेच. लोक वैतागत. पण मनातून घाबरतही, कारण या माणसाच्या डोक्यात काहीतरी आहे जे आपल्याला दिसत नाही, हे त्यांना कळत होतं. मलाही ते पुरतं कधी दिसलं नाही. मी नुसता थक्क होऊन पत्रं लिहायचो.

आणि डाव लहान नव्हता. यांच्या शब्दावर सहा गावांतल्या माणसांनी ज्वारीची रानं मोडून आडसाली ऊस लावला होता. दीड वर्षाचं पीक. गुऱ्हाळांची चुलाणं लोकांनी आपल्या हातानं पाडली होती. हिवाळ्यात कारखाना पेटला नाही, तर ऊस तुरे काढून रानातच वाळणार आणि त्याचा गूळही होणार नाही. लोकांना भरवसा सरकारचा नव्हता की इंजिनियरचा नव्हता, तात्यांचा होता. ते ओझं त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, फक्त त्या वर्षी त्यांचं जेवण निम्म्यावर आलं.

सगळ्यात अवघड होता बॉयलर. तो रेल्वेनं बारामतीला यायचा. वाघिणीवरून उतरवायला यारी, म्हणजे क्रेन, मिळणार होती ती एकच दिवस. तिथून कारखाना चार कोस, वाटेत कालवा, आणि कालव्यावरच्या पुलाला एवढं वजन पेलणारं नव्हतं. म्हणून मावसोबांनी पाटबंधाऱ्याच्या साहेबाकडं खेटे घालून दोन दिवस कालवा बंद करून घेतला होता आणि कोरड्या पात्रातून दगडमुरमाची उतरती वाट बांधून घेतली होती. तिसऱ्या दिवशी उजाडता पाणी सुटणार, कारण खालची पिकं माना टाकून बसलेली. मग पुन्हा कालवा बंद व्हायला दोन महिने. गावच्या सुतार-लोहारांनी सोळा चाकांचा गाडा केला होता आणि तो ओढायला बारा जोड्या ठरल्या होत्या. यारी, गाडा, कालवा, सगळं एका दिवशी. मागं मोजत मोजत आणलेलं, तसूभर इकडंतिकडं नाही.

त्या सकाळी मी स्टेशनावर होतो. बॉयलर अलगद गाड्यावर उतरला. काळाकभिन्न, घराएवढा. सहा गावची माणसं जमली होती आणि बैलही आले होते. पण काय बैल! शिंगं रंगवलेली, गोंडे बांधलेले, अंगावर आरशांच्या झुली, गळ्यात घुंगरमाळा. मावसोबा ते पाहत राहिले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. पोळा होता. वर्षातला एकच दिवस, ज्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. मावसोबांनी तारखा घेतल्या होत्या रेल्वेच्या, साहेबाच्या, सुताराच्या, आणि त्या सगळ्या इंग्रजी कॅलेंडरावरच्या. बैलांची तारीख कुणाला विचारायची असते हेच त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. बैल काय, दावणीला असायचेच. आणि तात्यांनी काहीतरी योजलं असेलच, म्हणून बैलवालेही आपण होऊन बोलले नव्हते.

ते मटकन खाली बसले. पटका काढून मांडीवर ठेवला. "चुकलो," ते म्हणाले. "समद्यास्नी इचारलं, ह्यास्नी न्हाय इचारलं." कारखान्याचा इंजिनियर म्हणाला, एक दिवस बैल जुंपले तर काय आभाळ कोसळणार आहे? त्याच्याकडं कुणी पाहिलंसुद्धा नाही. मावसोबांनीही नाही. मी त्यांची मान अशी वाकलेली कधी पाहिली नव्हती आणि ती मला बघवेना.

तेवढ्यात वडगावकडचे एक म्हातारे आबा पुढं आले. सगळ्यात देखणी खिलारी जोडी त्यांचीच होती. ते शांतपणे म्हणाले, "तात्या, काल सांजंला आमी बैलांची खांदंमळणी केली, 'आज आवतण घ्या, उद्या जेवाय या' म्हून सांगितलं. आवतण बैलांस्नी हाय. तुमाला-आमाला कुणी दिलंय?" आणि त्यांनी धोतराचा काचा मारून गाड्याचा सोल, म्हणजे ओढायचा जाड दोर, उचलला.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो, नाहीतर मीही मानलं नसतं. दीडशे माणसं दोरांना लागली. प्रत्येक गावानं आपल्या शिवेपर्यंत ओढायचं ठरलं. ही तीच गावं, जी कारखाना कुणाच्या शिवेत व्हावा म्हणून वर्षभर एकमेकांचं तोंड बघत नव्हती. आता भांडण निराळंच झालं, शीव आली तरी कुणी दोर सोडेना. "सोडा की वो, आमची हद्द लागली!" "लागूद्या. त्या बाभळीपतूर आमीच वढणार!" रस्त्याच्या कडेला बैल सजून उभे, निवांत रवंथ करत, आणि मालक घामानं निथळत गाडा ओढताहेत. एक म्हातारी बैलाला भरवायची पुरणपोळी मोडून ओढणाऱ्यांच्या तोंडात घालत चालली होती. मावसोबा तिसऱ्या गावापासून दोराला लागले. कुणाला हुकूम दिला नाही, कुठं पाहिलं नाही. दिवेलागणीला सोळाही चाकं कालव्याच्या पलीकडं चढली. तेव्हा जो गलका झाला, त्यात बैलही बिथरले. त्या संध्याकाळी घरोघर बायकांनी तूप-हळद कालवून पुरुषांचे खांदे मळले. उजाडता कालव्याला पाणी आलं.

पौषात कारखाना पेटला. गव्हाणीत पहिली मोळी टाकायचा मान सहाही गावांनी एकमतानं तात्यांना दिला होता. मुंबईहून पाहुणे आले, मांडव पडला, सनई लागली. सकाळी जीप दारात आली तेव्हा मावसोबा सोप्यात घोंगडीवर गाढ झोपले होते. कूस न बदलता, तोंड किंचित उघडं. मावशी उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"मावशे, माणसं खोळांबल्यात," जीपमधला माणूस अजिजीनं म्हणाला. "मान त्येंचा हाय."

"व्हय, हाय. पर चार वर्सांत ह्यो माणूस उजाडल्यावर पैल्यांदाच निजलाय. म्या न्हाय उठवायची. जावा तुमी."

जीप गेली. मी जायला हवं होतं, पण पाय निघेना. थोड्या वेळानं दूरवरून भोंगा झाला. अशी हाक त्या रानांनी कधी ऐकली नव्हती. कुत्री भुंकू लागली, गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या, आणि समोरच्या रानातला ऊस तोडायला माणसं कोयते घेऊन निघाली. मावशी मावसोबांच्या उशाशी बसली. "ऐकलंसा का?" तिनं हळूच विचारलं. श्वास तेवढा संथ चालला होता. मग तिनं पदर डोळ्यांना लावला, आणि भोंगा थांबेपर्यंत दोघांच्या वतीनं तिनं एकटीनंच तो ऐकला.