पांढरी तीनची पट्टी

आमच्या ब्लूज बँडचा व्यवहार माझ्याकडे होता. भाईंदर पश्चिमेला माझा अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांचा कारखाना आहे. एका हातकरवतीवर उभा केलाय. घासाघीस केल्याशिवाय मी आयुष्यात काही घेतलेलं नाही. रविवारी सकाळी मशिनं बंद असत, तेव्हा तिथेच आमची तालीम चाले. गिटारवाला नया नगरचा, पूर्वी जहाजावर वाजवायचा. हे संगीत त्यानेच आणलं. गाणारी ताई पोस्टात नोकरीला, माहेर नांदेडकडचं, लहानपणापासून जयंतीला भीमगीतं गायलेली. पहिली ओळ दोनदा म्हणायची आणि तिसरीत तिचा निकाल लावायचा, हे गिटारवाल्याने समजावलं तेव्हा ती म्हणाली, "यात नवीन काय? आमचा सवाल-जवाब असाच रंगतो." मग ती स्वतःच मराठीत शब्द लिहू लागली.

ओळींमधल्या मोकळ्या जागेत उत्तर द्यायचं काम माझ्या माउथ ऑर्गनचं. तो एकाच पट्टीला चालतो. गाण्याची पट्टी बदलली की दुसरा लागतो, आणि माझ्याकडे एकच होता. ताई पेटीवरच्या पांढरी तीनमध्ये गायची, त्याला तो जुळायचा.

एका तालमीत ती म्हणाली, "शेठ, पट्टी उतरवू या का? गळा ओढतोय."

"किती?"

"दोन सूर."

"दोन? अर्ध्यावर या, ताई."

एकच सूर उतरवला तरी माझा माउथ ऑर्गन निकामीच होणार होता. पण समोरच्याचा आकडा ऐकला की माझं तोंड आपोआप निम्म्यावर येतं.

ती हसली. "गळा आहे शेठ, खिडकी नाही."

"मग वरसाव्याच्या हॉटेलातला पहिला कार्यक्रम तेवढा निभावून न्या. पुढे बघू."

तिने बाटलीतून पाण्याचा घोट घेतला. मी सौदा झाला असं धरलं.

वरसाव्याजवळच्या त्या हॉटेलात दर रविवारी दुपारी वाजवायचं मीच ठरवून आणलं होतं. पहिल्याच दिवशी ताईने सुरुवात केली, "खाडीवरचा वारा माझ्या दारी थांबत नाही." मी उत्तर फुंकलं आणि ते असं बेसूर वाजलं, की पुढच्या टेबलावरची माणसं हसली. पट्टी उतरवलेली होती, मला न सांगता. मी गाणं थांबवलं आणि गिटारवाल्यावर ओरडलो, "कोणाला विचारून उतरवली?"

"माझ्यामुळे, शेठ," ताई म्हणाली. "नंतर बोलू."

"सूर लागत नसेल तर घरी बसा!"

माइक चालू होता.

तिने पाण्याची बाटली उचलली आणि ती रिक्षा पकडून निघून गेली. गिटारवाल्याने मला पार्किंगमध्ये गाठून सगळं सांगितलं. ताईच्या गळ्यात गाठ होती. दोन आठवड्यांनी ऑपरेशन. आवाज परत येईल याची खात्री डॉक्टर देत नव्हते. त्याआधी तिला हे गाणं एकदा लोकांसमोर म्हणायचं होतं.

"मला का नाही सांगितलं?"

"बोली थी ना, भाई. आपने भाव किया."

माझा त्या दोघांवर अजून राग आहे. गाठ आहे एवढा एक शब्द कारखान्यात सांगितला असता, तर मी त्याच दिवशी दुसरा माउथ ऑर्गन आणला असता. मी भाव करतो, पण आजारपणात कोणाला अडवलेलं नाही. हे मी गिटारवाल्याला पुष्कळदा ऐकवलंय. तो मान हलवतो आणि तारा जुळवत बसतो. माइकवर मी जे बोललो, ते मात्र आम्हा दोघांपैकी कोणीच कधी काढत नाही.

ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी मी ताईच्या घरी गेलो. खिशात दोन माउथ ऑर्गन होते, दोन सूर खालचा आणि त्याच्याही खालचा. माफी मागायचं ठरवून गेलो होतो, पण तोंडातून निघालं, "कुठल्या पट्टीत म्हणता, ताई? तुम्ही सांगाल ती."

"भाव नाही?" आवाज घोगरा, जेमतेम ऐकू येणारा.

"नाही."

तिने गळ्याभोवतीचा रुमाल सैल केला आणि खाडीवरच्या वाऱ्याची तीच ओळ म्हटली. सूर माझ्या दोन्हींच्या खाली गेला. मी एक तोंडाला लावला, मग दुसरा, आणि दोन्ही मांडीवर ठेवले. माझ्या उत्तराला जेवढा वेळ लागायचा, तेवढी ती थांबली. मग तिने तीच ओळ पुन्हा म्हटली आणि पुन्हा तेवढीच थांबली.