गालिच्याला ऊन दाखवणारे आतोबा

साऱ्या ग्वाल्हेरात डागाकडे प्रेमानं बघणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका आमच्या आत्याचा नवरा होता. आम्ही त्यांना आतोबा म्हणत असू. दरबाराच्या फरासखान्यात, म्हणजे गालिचे, जाजमं, तंबू सांभाळणाऱ्या खात्यात, ते मिसरूड फुटायच्या आधीच लागले. पुढे संस्थान विलीन झालं, मध्यभारत नावाचं नवं राज्य आलं, पाट्या बदलल्या, साहेब बदलले. आतोबा मात्र तेच गालिचे झाडत राहिले. राज्य कुणाचं आहे हे त्यांना काय सांडतं त्यावरून कळे. "पूर्वी अत्तर सांडायचं रे, आता चहा सांडतो," एवढंच त्यांचं राजकारण.

माणसंही त्यांच्या लक्षात राहत ती डागांवरून. महाराज बाड्याच्या चौकात कुणी नमस्कार केला की हे डोळे बारीक करून आठवत बसत आणि मग एकदम खुलून म्हणत, "अरे, तुम्ही तर रबडी!" तो बिचारा बायकोदेखत गोरामोरा होई. साबणाचा त्यांना मनस्वी तिटकारा. साबण लावणं म्हणजे गालिच्याला फटके मारणं, असं त्यांचं ठाम मत. डाग आधी हुंगायचा, मग त्याची समजूत काढायची. तुपाला बेसन, शाईला आंबट ताक, चहाला मीठ, आणि सगळं झाल्यावर नई सडकेवरच्या पंसाऱ्याकडून, म्हणजे काष्ठौषधीवाल्याकडून, आणलेल्या रिठ्यांचा फेस. आता हे सगळं यायचं कुठून? आत्याच्या स्वयंपाकघरातून! खासगी बाजारातल्या त्यांच्या घरी ऐन दिवाळीत लाडवांना बेसन नसे. उन्हाळ्यात गेलो की आत्या कपाळाला हात लावून म्हणे, "सरबत मागू नकोस रे बाबा, घरातली लिंबं सगळी गालिच्यानं प्यायलीत."

त्यातही एक गालिचा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. सरकारी कचेरीच्या मोठ्या दालनातला, डाळिंबी रंगाचा, मधे सायीच्या रंगाची चौकट आणि काठाला अस्मानी वेल. दुपारी कचेरी पेंगायला लागली की आतोबा त्याच्या कडेला उकिडवे बसत. उंच खिडकीतलं ऊन वेलीवरून पानापानानं सरकत जाई आणि आतोबांची नजर त्याच्याबरोबर. कॉलेजातून परतताना मी कधी डोकावलो तर मीही शेजारी बसून ते ऊन बघे. मला तिथं फार बरं वाटे.

मग मध्यभारतही मोडला. राजधानी भोपाळला गेली, कचेरीही तिकडे निघाली, आणि आतोबांच्या हाती पेन्शन आली. नवे साहेब दालनात उभे राहून बोलले, "अच्छा माल भोपाल जाएगा. दाग़ी जो है, यहीं पड़ा रहे." गालिच्यावर तर एक ठिपका नव्हता. म्हणजे तो जाणार, आणि आतोबा मागे राहणार. त्या दिवसापासून जेवताना त्यांचा घास हातातच राहू लागला. आत्या समोर बसून ते बघे.

भोपाळला निघालेल्या बायकांचं हळदीकुंकू त्याच दालनात झालं. आणि आत्याच्या हातून हळदीची वाटी थेट सायीच्या चौकटीवर उपडी झाली! घाबरून म्हणे तिनं साबणाचं पाणी ओतलं. हळदीला साबण लागला की ती लालभडक होते, बायका "अगं बाई!" करून मागे सरल्या. साहेब येऊन बघून गेले. "रहने दो इसे यहीं," म्हणाले. सुटलो! मला तर पेढे वाटावेसे वाटले. आता आतोबांनी फक्त त्या डागाला हात लावायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी गालिचा कचेरीच्या गच्चीवर! आतोबांनी लिंबानं लाली उतरवली, खाली पिवळं उरलं. ते उन्हानं जातं, पण डाळिंबी रंग उडायला नको. म्हणून आत्याची ठेवणीतली चादर आणून, तिला डागाएवढं भोक पाडून ती वर अंथरलेली. थंडीतलं कोवळं ऊन, वर किल्ल्याच्या बाजूनं आलेल्या घारी, आणि आतोबा सावलीबरोबर सरकत दिवसचे दिवस तिथं बसलेले. अहो, हा काय माणूस आहे! मी चिडून म्हटलं, "आतोबा, राहू द्या ना तो डाग!" त्यांनी नुसतं चादरीचं भोक नीट केलं. पिवळा रंग फिका होत होत एका दुपारी दिसेनासा झाला, आणि गालिचा गुंडाळून भोपाळला गेला.

त्या संध्याकाळी आत्याचा बांध फुटला. "तुमच्यासाठी सांडली होती मी हळद. मुद्दाम!"

"ठाऊक आहे," आतोबा म्हणाले. "उभा जन्म माझ्या घरात काढून हळदीला साबण लावशील तू?"

"मग का काढलात डाग?"

"अगं, डागी म्हणून कोपऱ्यात पडला असता तो. रोज भेटला असता मला, पण कसा? त्याला इथं अडकवायचं ते माझ्यासाठी, त्यात त्याचं काय चुकलं होतं?"

आत्या उठली, तुपाची वाटी घेऊन आली. लिंबानं त्यांचे तळहात पार चिरले होते. घरात तूप म्हटलं की हे आधी बेसन शोधायचे. त्या दिवशी मात्र दोन्ही हात पुढे केले. आत्या बोटाबोटाला तूप चोळत होती. शेवटच्या बोटाशी येऊन तिनं विचारलं, "झोंबतंय का हो?"

"हो," आतोबा म्हणाले, आणि मग लहान मुलासारखे रडले.