ब्रशच्या टोकावरचं शिसं

“तुमच्या रक्तात लेड आहे,” डॉक्टर म्हणाले. “लेड म्हणजे शिसं. चालेल त्याच्या कितीतरी पट जास्त. बॅटरीच्या कारखान्यात काम करता का?”

मी धारूरच्या एका शाळेत लिपिक आहे. हजेरीपट, दाखले, पत्रव्यवहार. मी नाही म्हणाले आणि शेजारी बसलेल्या यजमानांकडे बघितलं. त्यांचं ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचं दुकान आहे, आमच्या घराच्या पुढच्याच खोलीत.

डॉक्टरांनीही त्यांच्याकडे बघितलं.

“आता म्या काय केलं?” यजमान म्हणाले.

हे संभाजीनगरच्या दवाखान्यात. तिथवर पोचायला मला सात महिने लागले होते. तुमच्यापैकी कुणाला अशी लक्षणं असतील तर तेवढे लागू नयेत, म्हणून क्रमाने लिहिते.

आधी पोट. बेंबीभोवती पीळ पडल्यासारखं दुखायचं, चार-चार दिवस पोट साफ व्हायचं नाही. धारूरला ॲसिडिटीच्या गोळ्या मिळाल्या. मग तोंडाला लोखंडी खिळा चघळल्यासारखी चव. बीडला सोनोग्राफी झाली. एंडोस्कोपी झाली, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून जठर बघतात. दोन्ही नॉर्मल. हिमोग्लोबिन मात्र आठ. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. तारीख, औषध आणि फरक असे तीन रकाने मी वहीत आखले होते. तिसऱ्या रकान्यात खालपर्यंत ‘नाही’.

मग एका सकाळी दाखल्यावर शिक्का मारायला हात उचलला आणि मनगट वर आलंच नाही. दुखत काहीच नव्हतं. पंजा नुसता खाली लोंबत होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. याला रिस्ट ड्रॉप म्हणतात. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंपर्यंत नसेचा निरोप पोचत नाही. हे नंतर कळलं. त्या सकाळी एकच कळलं, की माझा चित्राचा हात गेला.

सेहेचाळीसाव्या वर्षी मी जलरंग हातात घेतले होते. शिकवणारं कुणी नव्हतं. रोज शाळा सुटल्यावर पाऊण तास आणि पोस्टकार्डाएवढा एक कागद, एवढाच नेम. पहिल्या वर्षी नुसता चिखल झाला. प्रत्येक कागदामागे मी चूक लिहून ठेवायचे: ‘पाणी जास्त’, ‘घाई’, ‘सावली विसरले’. तिसऱ्या वर्षी आमच्या धारूरच्या किल्ल्याची तटबंदी दगडासारखी दिसायला लागली. तेव्हा ठरवलं, किल्ल्याची मनासारखी उतरलेली शंभर चित्रं करायची आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात लावायची. हात गेला तेव्हा एकसष्ट झाली होती.

संभाजीनगरच्या डॉक्टरांनी एनसीव्ही केली. हातावर विजेचे बारीक झटके देऊन नस किती वेगाने निरोप नेते ते मोजतात. मग रक्त तपासलं, आणि शिसं निघालं.

मला दाखल करून घेतलं. किलेशन सुरू झालं. त्यातलं औषध रक्तातल्या शिशाला धरतं आणि लघवीवाटे बाहेर नेतं. “पण उगम सापडला पाहिजे,” डॉक्टर म्हणाले. “आम्ही एकीकडून काढायचं आणि दुसरीकडून जात राहायचं, असं नको. दिवसभरात तोंडात काय काय जातं, त्याची यादी करा.”

यादी हे माझं कामच. यजमानांना लिहायला बसवलं. चहा, हळद, तिखट, दंतमंजन, ओवा, तांब्याच्या कळशीतलं पाणी, अशा चौतीस नोंदी झाल्या. त्यासोबत यजमानांसाठी नियमही सांगितले: दुकान बंद, कामाचे कपडे वेगळे, दवाखान्यात येण्याआधी डोक्यावरून आंघोळ, माझ्या ताटाला हात लावायचा नाही.

“आगं, म्या काय बॅटऱ्या वाटून घातल्या व्हय तुला भाजीत?” ते म्हणाले. पण आंघोळी केल्या. हंगामाचे दिवस असून दुकान बंद ठेवलं. त्यांचंही रक्त तपासायला दिलं.

वॉर्डात पडून राहणं मला जमेना. उजवा हात गेला तर डावा आहे, असा विचार करून मी घरून रंगांची पेटी मागवली. डाव्या हाताने रोज एक कागद सुरू केला.

पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टर राउंडला आले. हातात यजमानांचा रिपोर्ट होता. त्यांच्या रक्तात शिसं होतं, पण माझ्यापुढे नगण्य. डॉक्टर ते सांगायला तोंड उघडत होते आणि थांबले. माझ्याकडे बघत राहिले.

“हे काय करताय?”

“सराव. डाव्या हाताने.”

“ते नाही. आत्ता ब्रश कुठे घातला होता?”

मला प्रश्नच कळला नाही. ब्रश माझ्या ओठात होता.

माझी आई वाकळ शिवताना दोरा ओठात ओला करून सुईत ओवायची. तसाच मी ब्रश ओठातून ओढून त्याला टोक काढायचे. एका चित्रात तीस-चाळीस वेळा होत असेल. चौतीस नोंदींत ते नव्हतं. ते काही खाणं नव्हतं ना!

डॉक्टरांनी पेटी उचलली. त्यात एक डबी निराळी होती. “हा रंग कुठला?”

“शेंदूर,” मी म्हणाले. “पूजेच्या दुकानातला.”

संध्याकाळच्या उन्हात तटबंदी जी पेटते, तो रंग मला नळीतल्या कुठल्याच केशरीत मिळत नव्हता. देवाच्या दगडावर मिळाला. तेव्हापासून मी शेंदूर चाळून, डिंकाच्या पाण्यात घोटून रंग बनवत होते. आठ महिने. चाळताना उडायचा तो वेगळाच.

“काही शेंदरात शिसं असतं,” डॉक्टर म्हणाले. “सगळ्यात नसतं, पण डोळ्यांना फरक कळत नाही. डबी तपासायला पाठवतो.” मग हळू आवाजात, “बाई, आम्ही पाच दिवस सलाइनमधून काढतोय आणि तुम्ही इथे बसून चाटताय.”

मी डबीकडे बघत राहिले. जे माझं सगळ्यात शिस्तीचं काम, एक दिवस चुकवलं नव्हतं, त्यानेच मला रोज थोडं थोडं विष पाजलं होतं. मी एखादा दिवस आळस केला असता तर तेवढं कमी गेलं असतं.

यजमान खाटेच्या कडेला बसले. “पाच दिस मला चोरावानी ठिवलं. आंघोळीवर आंघोळ! अन् इख हिच्याच डबीत!” एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. खांदे हलत होते. हसतायत की काय, कळेना. हसत नव्हते.

डबीत शिसंच निघालं. घरी आल्यावर ओल्या फडक्याने घर पुसलं, एकसष्ट चित्रं प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवली. किलेशनचा दुसरा फेरा झाला. पोट महिन्यात ठीक झालं, तोंडाची चव परतली. मनगट नाही. स्प्लिंट, म्हणजे पंजा सरळ धरणारी पट्टी, आणि दिवसातून चार वेळा व्यायाम. फिजिओथेरपिस्टनी स्पष्ट सांगितलं, “येईलच असं नाही. आलं तर महिन्यांनी येईल.”

मी डाव्या हाताने रेघा ओढत राहिले, नळीतल्या रंगांनी, टोक काढायला ओला स्पंज. शंभरचं ध्येय खोडलं. रोज एक सरळ रेघ, एवढंच ठेवलं. तीही सरळ येत नव्हती.

पाचव्या महिन्यात एका दुपारी पट्टी काढून व्यायामाला बसले. समोर ब्रश होता. कंटाळून तो उजव्या बोटांत नुसता धरला, किल्ल्याचा विचार करत बसले.

“ए! ए! थांब!” दारातून यजमान ओरडले आणि धावत येऊन त्यांनी माझा हात धरला.

ब्रश ओठाला टेकला होता. उजव्या हातातला. मनगट वर आलं होतं, मी न सांगता, ताठ, ब्रशचं टोक ओठाकडे करून.

मी घाबरले, मग रडायला लागले. त्यांना वाटलं ते ओरडले म्हणून. “आगं, कोरडा हाय बिरुश, काय न्हाई झालं,” ते म्हणत होते.

“अहो, हात बघा,” मी म्हणाले. “हात बघा आधी.”