पाटील भोंग्यावर बोलला

माझ्या तोंडापुढं आणायच्या आधी माइकला फडकं गुंडाळलं. जुन्या धोतराचं, दुहेरी. वरून सुतळीनं करकचून बांधलं. माइक खिडकीच्या चौकटीत. खिडकीच्या आत पाटील. बाहेर, पंचायतीच्या ओट्याखाली मी. मान वर करून. कोंबडा आरवतो तसा.

"थुका उडते तुया," पाटलाचा पुतण्या वसंता म्हणाला. "मशीन बाटते."

"बाटते का बिघडते, वसंतराव?"

"दोनी. बोल मुकाट्यानं."

मुकाट्यानं बोलायचं कसं ते मला अजून कोणी शिकवलं नाही. पण बोललो. बोलून झालं की वसंता काठीनं फडकं सोडायचा आणि चौकटीवर गोमूत्र शिंपडायचा. एकदा शिंतोडे भोंग्याच्या मशीनच्या पेटीत गेले. भोंगा असा केकाटला की राळेगावपर्यंतची कुत्री उठून बसली. त्या दिवशी मशीन नेमकं कशानं बाटलं, हे विचारायचं राहून गेलं.

आधीच सांगून ठेवतो. मी वाढवून सांगणारा माणूस आहे. माझ्या तोंडून चिमणी निघाली तर तिला गिधाडाएवढे पंख असतात. राळेगावची कुत्री तुम्ही वजा करा. फडकं वजा करू नका. फडकं होतं तेवढंच होतं.

दवंडी आमच्या घरची. बाप डफडं वाजवायचा. रीत अशी की पाटील ओट्यावरून सांगणार, बाप खाली उभं राहून ऐकणार आणि मग गावभर ओरडत फिरणार. शब्द पाटलाचे, गळा आमचा. कोणाची जप्ती असो, लिलाव असो, लोक शिव्या द्यायचे बापाला. ज्यानं सांगितलं तो ओट्यावर पान चघळत बसलेला. त्याचं नाव दवंडीत नसायचंच.

छप्पन साली आम्ही नागपूरला जाऊन धम्म घेतला. परत आलो आणि वस्तीची बैठक बसली. मेलेलं ढोर ओढायचं नाही, दवंडी द्यायची नाही, असं ठरलं. बापानं डफडं चुलीत घातलं. माय म्हणाली, एवढी कडक भाकर जन्मात भाजली नव्हती.

मग दोनेक वर्षांनी भोंगा आला. पाटील सरपंच झालेला. भोंगा पंचायतीच्या पैशानं घेतला, पण गावात म्हणायचे पाटलाचा भोंगा. बॅटरी दारव्ह्याला भरायला जायची, बैलगाडीत, खाली गादी घालून. आमच्या गावची बाळंतीण कधी अशी गेली नाही. भोंगा बांधला मारुतीच्या देवळावर, कळसाला टेकून. वायर तिथून पंचायतीपर्यंत. मी देवळाची पायरी चढायची नाही, माझा आवाज मात्र कळसावर. देवाला कसं वाटलं ते त्यानं कधी सांगितलं नाही.

पाटलानं मला बोलावलं. म्हणाला, "हे दवंडी नोहे बरं. जमाना बदलला. आता याले निवेदन म्हन्तेत. तू निवेदक."

निवेदक. तो शब्द मला चढला. सातवी पास होतो. दारव्ह्याच्या बाजारात हॉटेलबाहेर उभं राहून रेडिओ ऐकायचो. चहा मला वेगळ्या कपात, पण बातम्या सगळ्यांना त्याच. ते मला फार आवडायचं.

बाप म्हणाला, "डफडं लोखंडाचं झालं रे, बाबू. वर बसनारा तोच, खाली उभा राहनारा तोच."

मी हसलो. म्हटलं, बुढ्याला मशीन कळत नाही.

काय काय नाही बोललो मी त्या फडक्यातून! देवीची लस टोचायला माणूस येणार. मोटर आज येणार नाही. आणि कापसाचा भाव. दारव्ह्याच्या जिनिंग कारखान्यात भाव चढलेला असला तरी भोंग्यावर तो उतरलेला असायचा. कारण गावातला कापूस पाटीलच घ्यायचा. मला भाव सांगायचा पाटील, मी ओरडायचो, लोक गाठोडी बांधून पाटलाच्या दारात. कोणाला संशय नाही. तोंडानं सांगितलं तर माणूस खोटं बोलू शकतो, भोंगा कसा बोलेल? आज रेडिओ घरोघरी निघालेत, पेपर एसटीनं येतो, आणि लोक तसेच माना डोलावतात. आवाज मोठा आला की विचारायचं राहून जातं, सांगतंय कोण.

माझी आणखी एक कला होती. नकला. मी मोटरीचा हॉर्न काढला की माणसं सामान उचलायची. पण सगळ्यात फर्मास काढायचो पाटील. आधी तो खाकरा, विहिरीत धोंडा टाकल्यासारखा. मग "काय सांगून राह्यलो मी!" पाटलाचे सालदारच मला बांधावर अडवायचे. "कर न बे पाटील, कर!" मी करायचो. ते पोट धरून लोळायचे. माझ्या पाटलासमोर खरा पाटील फिका, असं मीच म्हणायचो. लोकही म्हणायचे. पुढं तेच माझ्या अंगावर आलं.

शाळेजवळ सरकारी पैशानं विहीर झाली. दगडावर कोरलं 'सार्वजनिक'. आमच्या बाया तोवर नाल्यातला झिरा उकरून वाटीवाटीनं पाणी भरायच्या. उन्हाळ्यात वाटीत पाण्यापेक्षा वाळू जास्त. विहिरीला पाणी लागलं तशी माय चार बायांना घेऊन गेली. पाटलाच्या माणसांनी लांबूनच परत लावलं. माय घरी आली. रिकामी घागर तिनं उपडी घातली आणि तिच्यावरच बसली.

दुसऱ्या दिवशी मला खिडकीखाली बोलावणं. आत पाटील एकटा. वसंता मशीन चालू करून परसाकडे गेलेला. पाटलानं कधीकाळी डुकराची शिकार करताना बंदूक कानाशी उडवली होती. तेव्हापासून त्याला ढगाचा गडगडाट मुंगीसारखा ऐकू यायचा. स्वतःचा आवाजही. तो कुजबुजला की बैल बिचकायचे.

"ऐक बे," पाटील खाकरला. "असं सांग. नव्या विहिरीचं पानी गढूळ हाय. म्हून वस्तीच्या बायाइनं सध्या झिऱ्यावरच भरावं. तब्येतीसाठी. गोड सांग. खरं काय ते तुले ठाऊकच हाय. म्हारड्याइची बादली त्या विहिरीत पडली त हात तोडीन. पन ते नोको बोलू. कायदा हाय न."

मी तोंड उघडलं आणि थांबलो. देवळावरून आवाज येत होता. "कायदा हाय न." पाटलाचा. खाकऱ्यासकट.

मशीन चालू होतं. पाटलाला पत्ता नव्हता. मला लागला होता.

मी मोठ्यानं विचारलं, "काय म्हनलं पाटील? बादली पडली त काय?"

"हात तोडीन म्हन्लं! बहिरा झाला काय?"

"आन् कायद्याचं काय?"

"फौजदार माह्या घरी जेवते. कायदा बी तिथंच बसते, पाटावर."

सगळं कळसावरून गेलं. आर्णीच्या रस्त्यावरचे बैल जागच्या जागी थांबले म्हणतात. तेवढ्यात वसंता एका हातात टमरेल, एका हातात धोतर धरून धावत आला.

"काका, चालू हाय! चालू हाय!"

"काय चालू हाय?"

"भोंगा!"

हेही गावानं ऐकलं.

तुम्हाला वाटेल आम्ही जिंकलो. मलाही वाटलं. बाप त्याच पावली दारव्ह्याला ठाण्यात गेला. सरळ उभं राहून म्हणाला, पाटलानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, अख्खं गाव साक्षी हाय. फौजदार आला. आधी पाटलाकडे जेवला. मग ओट्यावर खुर्ची टाकून चौकशीला बसला. तालुक्याच्या साप्ताहिकाचा बातमीदारही होता, पाटलाचा मामेभाऊ.

फौजदार एकेकाला विचारत गेला. "भोंग्यावर आवाज कोनाचा होता?"

"ह्या पोट्ट्याचा, साहेब. हा पाटलाची नक्कल करते. एकदम बेमालूम."

सगळे तेच म्हणाले. "कर न बे पाटील" म्हणून बांधावर लोळणारे सालदार म्हणाले. माझ्या शाळेतला जोडीदार म्हणाला, माझ्याकडे न बघता. पाटलाचा अस्सल आवाज अख्ख्या गावानं कानानं ऐकला आणि अख्ख्या गावानं तो माझ्या पदरात घातला. जन्मभर आम्ही त्यांचे शब्द आमच्या तोंडानं बोललो, आता त्यांचं तोंडही आमचंच ठरलं.

फौजदारानं दात कोरले. "कर रे नक्कल. पाहू दे."

लोक हसायला तयार होऊन बसले. खोटं कशाला सांगू, खाकरा गळ्यापर्यंत आला होता. मी तो गिळला. नक्कल केली तर गुन्हा माझा. पण तेवढंच नव्हतं. ते लोक हसणार होते, आणि मी त्यांना हसवणार होतो, आणि माय गर्दीच्या टोकाला उभी होती.

"नाई करत," मी म्हणालो.

पाटील खिडकीत आला. "मंग असं कर. भोंग्यावर सांग, तो आवाज माहाच होता, पाटलाची नक्कल केली, चूक झाली, माफी करा. प्रकरन मिटलं. निवेदक राह्यशीन."

वसंतानं फडकं बांधलेला माइक चौकटीत ठेवला. कट्कन बटण दाबलं. देवळावर घूं सुरू झालं. सगळं गाव माझ्या तोंडाकडे. बापही.

मी बोललो. "तो आवाज माहा नोहता, पाटलाचा होता. हा माहा हाय, ओळखून ठेवा. आतापरेंत भोंग्यावर कापसाचा भाव खोटा सांगतला, तोही पाटलाचा होता. उद्या सकाळी आमच्या बाया नव्या विहिरीवर पानी भरतीन. म्होरं मी राहीन. ज्याले..."

वसंतानं वायर उपटली.

"...ज्याले हात तोडाचे असतीन, त्यानं माहे पयले तोडावं!"

एवढं नुसत्या गळ्यानं. या वाक्यात मी काहीही वाढवलेलं नाही.

साप्ताहिकात बातमी आली. ध्वनिक्षेपक यंत्रातील बिघाडामुळे गैरसमज, सरपंचांच्या मध्यस्थीने गावात शांतता. बिघाड मी. शांतता म्हणजे दुसऱ्या सकाळी विहिरीवर माझ्या डोक्यात घातलेली काठी आणि मायच्या फुटलेल्या घागरी. छापलं होतं सुबक. दारव्ह्यात लोकांनी चहाबरोबर वाचलं आणि खरं मानलं.

दवंडी मी पुन्हा दिली नाही, लोखंडी नाही आणि कातड्याचीही नाही. पाटलानं भोंग्यापुढं दुसरं माणूस उभं केलं. मी लोकांच्या वावरात मजुरी करतो, तेही ज्यांची कामावर घ्यायची हिंमत होते त्यांच्याच.

आम्हाला पाणी मिळालं, असा समज करून घेऊ नका. आम्ही रोज विहिरीवर जातो. कधी कडेला काटे टाकलेले असतात, कधी दोर कापलेला. काटे आम्ही उचलतो. दोर बाप वळतो, मी वळतो. काय घडलं ते मी शेजारच्या गावांत तोंडानं सांगत फिरतो. कोणाचं नाव काय, ते जसंच्या तसं. ऐकणारे मला थापाड्या म्हणतात. म्हणू देत.

माझा गळा यापुढं कोणाच्या शब्दाला भाड्यानं मिळणार नाही. उद्या सकाळी मी विहिरीवर आहे. दोर कापणाऱ्यानं उजेडात यावं, आणि स्वतःच्या तोंडानं सांगावं.